लगदा, गर, कोळ, चीक, मळी: कुठे कुठला शब्द?

भाषांतरी:
कोल्हापुरात हस्तकला आणि घरगुती उद्योग शिकणाऱ्यांसाठी मराठी माहितीपत्रकं करायची आहेत. मूळ मजकुरात फळाचा, कागदाचा, उसाचा असा कुठलाही मऊ, ओला पदार्थ आला की एकच इंग्रजी शब्द आहे, ‘पल्प’. सगळीकडे ‘लगदा’ लिहिलं तर चालेल का? कागदाच्या लगद्याची कृतीही हवी आहे.

पाटावरवंटा:
नाही चालणार, ताई. ‘आंब्याचा लगदा’ वाचलं की आंबा पिशवीत चेंगरलाय असं वाटतं. फळाच्या आत आपोआप असतो तो गर. आंब्याचा, कवठाचा, कोरफडीचाही गरच. फणसाचा मात्र गरा. चिंच भिजवून, चोळून, गाळून निघतो तो कोळ आणि हातात उरतो तो चोथा.

गव्हाचा निघतो तो चीक. कुरडईसाठी गहू ३ दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून पिळून गाळायचं. चीक रात्रभर बसू द्यायचा आणि वरचं पाणी सगळं ओतून टाकायचं. आंबलेलं पाणी राहिलं तर कुरडई आंबूस लागते, रंगही जातो. शिजवताना १ वाटी चिकाला १ वाटी पाणी. मीठ घातलेलं पाणी उकळलं की चीक बारीक धारेनं सोडायचा आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. चकाकी आली की गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, गार झाला की तार तुटते. गाय-म्हैस व्याल्यावरचं पहिलं दूध, खरवसाचं, तेही चीकच. तेव्हा पत्रकात ‘गव्हाचा चीक’ असं पूर्ण लिहा.

भाताचे शब्दही वेगळे ठेवा. मुद्दाम मऊ शिजवलेला तो गुरगुट्या, पाणी जास्त राहिलेला तो आसट आणि बिघडून गोळा झालेला तो गिच्च.

गुळव्या:
उसाच्या बाबतीत तर फारच जपून. रस काढल्यावर उरतं ते चिपाड. त्याला लगदा म्हणू नका, ते कोरडं करून चुलवाणात जाळतात. कागद कारखान्यात शिजवून कुटल्यावरच त्याचा लगदा होतो.

खरी अडचण ‘मळी’ची. गुऱ्हाळात काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस तापला की वर येणारा मळकट फेस म्हणजे मळी. ती धरायला रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळतात आणि ते बुळबुळीत पाणी रसात घालतात. रस जोरात उकळायच्या आत मळी काढावी लागते. एकदा उकळी फुटली की ती फुटून रसात मिसळते, गूळ काळपट होतो आणि टिकत नाही. साखर कारखान्यात मात्र साखरेचे दाणे वेगळे केल्यावर राहणारा काळा दाट पाक, ज्याचं मद्यार्क करतात, तोही मळी. आणि रस गाळताना निघणारा, शेतात खत म्हणून जाणारा गाळ, त्याला शेतकरी प्रेसमड म्हणतात. तोच शब्द ठेवा, सगळ्यांना कळतो.

शाडूमाती:
लगदा कागदाचाच, कारण तो भिजवून, कुटून माणूस करतो. कृती अशी:

वर्तमानपत्राचे नखाएवढे तुकडे करून २४ तास भिजवा. गुळगुळीत मासिकाचा कागद नको, त्यावर मातीचा लेप असतो आणि धागा सुटत नाही. भरपूर पाण्यात वाटून फडक्यात पिळा. मुठीत गोळा धरला तर टिकला पाहिजे आणि दाबल्यावर थेंब पडता कामा नये. ४ वाट्या पिळलेल्या लगद्याला १ वाटी मैद्याची घट्ट खळ आणि १ वाटी खडूची पावडर. पावडर वाढली की वस्तू ठिसूळ होते, पाणी राहिलं की वाळताना आक्रसून तडे जातात. थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, पहिला वाळल्यावरच दुसरा. कडक उन्हात ठेवलं तर वरची साल आधी वाळते आणि वस्तू वाकते. सावलीत, वाऱ्याला ठेवा.

कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विष आहे. मुलांच्या हातात जाणार असेल तर भिजवून वाटलेली मेथी घाला. तिच्या चिकटपणानं लगदा बांधलाही जातो.

रंगाआधी भेगा भरायच्या त्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं. खडूची पावडर आणि जवसाचं तेल मळून ती करतात. पत्रकात तिलाही लगदा म्हटलेलं असेल तर बदला. ओल्या लगद्यावर लांबी भरली तर ती सुटून येते.




भाषांतरी:
चिंचेचा कोळ आणि मळीचे दोन्ही अर्थ तर पत्रकात चुकलेच होते, आज दुरुस्त करते. शाडू मळताना त्यात लगदा घालतात का?

शाडूमाती:
घालतात, थोडा. मूर्ती हलकी होते आणि तडे कमी जातात. पण तो आधी मातीच्या पाण्यात कालवून घ्या. सुका टाकला तर गुठळ्या राहतात आणि नाक-बोटं कोरताना नेमक्या तिथंच येतात.