स्टेशनवर एक तरी पब्लिक फोन हवा की नको?

परळकर: पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचे ते सार्वजनिक बूथ, गेले ते गेले, गल्लोगल्ली पिवळ्या पाट्या परत लावा असं मी म्हणत नाहीये. पण मुंबईतल्या प्रत्येक रेल्वे स्टेशनवर, एसटी डेपोत आणि सरकारी हॉस्पिटलच्या दारात एक चालू पब्लिक फोन असायलाच हवा, हे माझं ठाम मत आहे. मोबाईल आला म्हणजे गरज संपली हे आपण परस्पर ठरवून टाकलं. मध्यंतरी परळला एक म्हातारे काका भेटले, जालन्याकडचे, लोकलच्या दारात फटका गँगने हातावर मारून फोन पाडलेला. मुलाचा नंबर खिशातल्या डायरीत होता, बायको हॉस्पिटलात अॅडमिट आणि हे जाईल येईल त्याला "एक फोन लावून द्या" म्हणत उभे. कोणी थांबेना. लोकं तरी काय करणार, ओटीपीच्या भानगडी ऐकून ऐकून अनोळखी माणसाच्या हातात मोबाईल द्यायची भीतीच बसलीय. पूर्वी पानवाल्याकडच्या लाल डब्यात रुपया टाकला की काम झालं असतं. आणि २००५ चा २६ जुलै आठवा, सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस, मोबाईल सगळे मुके, तेव्हा आमच्या नाक्यावरच्या पीसीओसमोर रांग लागलेली.

गिरगावचा_बाळ्या: तुमच्या नाक्यावरचा चालू होता हे नशीब तुमचं. त्या दिवशी एमटीएनएल या सरकारी फोन कंपनीच्या लाखो लँडलाईनसुद्धा कित्येक तास बंद होत्या, तेव्हा वायरवाला फोन म्हणजे हमखास लागणारच असं काही नाही. आणि सांभाळणार कोण? स्टेशनवरचे कॉइन बॉक्स मी रोज बघायचो, कुणी रिसिव्हर उपटून नेलाय, कुणी नाण्याच्या फटीत काडी घातलीय, वर पानाच्या पिचकाऱ्या. एमटीएनएल स्वतः कर्जात बुडालीय. ज्याला परवडत नाही त्याला स्वस्तातला मोबाईल द्या, खांबावर फोन टांगून काय होणार!

डोंबिवली_फास्ट: बाळ्यादादांना +१. पीसीओबद्दल गळा काढणारे बहुतेक पुरुषच असतात असं माझं निरीक्षण आहे. लग्न होऊन मुंबईत आले तेव्हा माहेरी बोलायचं म्हणजे रात्री ११ नंतर एसटीडीचा पाव दर लागायची वाट बघायची, मग ते काचेचं केबिन, त्याचं दार कधी नीट लागायचं नाही, बाहेर रांग, समोर मीटरवर लाल आकडे पळतायत, आणि बूथवाले काका सगळं ऐकतायत. सासरचं काही सांगावंसं वाटलं तरी तोंडातून फक्त "हो", "बरं", "मी मजेत". आई पलीकडून विचारायची आवाज असा का येतोय, आणि मी सर्दी झालीय म्हणायचे. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं, त्यानंतर हातात स्वतःचा मोबाईल आला, तेव्हा पहिल्यांदा आईशी मनमोकळं बोलले. त्यामुळे पीसीओ गेले याचं मला जराही दुःख नाही.

चुनाभट्टी_ईस्ट: ताई, तुमचं पटतं, पण बूथमागे बसलेला माणूसही बघा. माझ्या मामाचा एक पाय पोलिओने गेलेला, अपंगांना पीसीओ देताना प्राधान्य होतं म्हणून त्याला बूथ मिळाला आणि त्यावर दोन मुलींची शिक्षणं झाली. मोबाईलचे दर पडले तसा गल्ला आटत गेला, मग रिचार्ज, मग झेरॉक्स, आता तेही कोणी करत नाही. सरकारने एका हाताने दिलं आणि जाताना तुमचं पुढे काय म्हणून कोणी विचारलं नाही. परत फोन लावणार असाल तर त्याच्याजवळ माणूस बसवा, नाहीतर बाळ्या म्हणतोय तसंच होणार.

परळकर: माणूस बसवायचा मुद्दा एकदम मान्य. एटीव्हीएम मशीनपाशी रिटायर्ड रेल्वेवाले तिकीट काढून देतात ना, तसंच करा. बाळ्या, "स्वस्तातला मोबाईल द्या" हे ज्याचा मोबाईलच आत्ता चोरीला गेलाय त्याला काय कामाचं? आणि मुलांचं काय? १०९८ ही हेल्पलाईन १९९६ ला आपल्या मुंबईतच सुरू झाली, टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या) उपक्रमातून, घरातून पळून आलेली, फलाटावर झोपणारी पोरं पब्लिक फोनवरून पैसे न टाकता तो नंबर फिरवायची. त्या पोरांकडे आज कुठला फोन आहे? बाहेर बघा, न्यूयॉर्कने २०२२ ला शहराच्या मालकीचा शेवटचा पब्लिक फोन उचलला, पण ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा या फोन कंपनीने २०२१ पासून पब्लिक फोनवरून देशात कुठेही कॉल फुकट केला, आणि जपान तर भूकंपासाठी म्हणून ते मुद्दाम सांभाळून ठेवतो.

गिरगावचा_बाळ्या: ऑस्ट्रेलियाची गर्दी आणि आपली दादरची गर्दी एक आहे का? स्टेशन मास्तरच्या केबिनमध्ये फोन असतोच. नियम करा की अडलेल्या माणसाला तिथून एक कॉल फुकट लावून द्यायचा, बाहेर मोठी पाटी लावा. नवीन खर्च शून्य.

डोंबिवली_फास्ट: नाही हो दादा, इथे मी परळकरांच्या बाजूने. गावाकडून आलेली बाई रात्री साडेअकराला कुर्ला टर्मिनसला उतरली तर ती केबिन शोधणार कधी, आणि आत चार माणसं बसलेली असताना एकटी जाऊन विचारणार कशी? फोन बाहेर भिंतीवर पाहिजे, उजेडात, जाता-येता दिसेल असा, आणि नाणं नको, फुकट. बाकी पीसीओ गेले त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.