पहिले पुस्तक पदरमोड करून काढावे का?

हरिपूरकर, सांगली

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला २२ वर्षांचा एक मुलगा कथांची वही घेऊन घरी आला. एका प्रकाशकाने पुस्तकासाठी त्याच्याकडे ५० हजार रुपये मागितले होते आणि हळदीची पट्टी, म्हणजे विकलेल्या हळदीचे पैसे, आली की ते द्यायची तयारी वडिलांनी दाखवली होती. पैसे देऊ नकोस, असे मी त्याला सांगितले. वडिलांना ते आवडले नाही; ‘तुम्ही स्वतः काढलेत ना पुस्तक?’ असे त्यांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून माझे म्हणणे येथे सविस्तर मांडतो. नवलेखकाने पहिले पुस्तक पदरचे पैसे घालून काढू नये असे माझे ठाम मत आहे, आणि पैसा बुडतो हे त्याचे मुख्य कारण नाही.

माझा कथासंग्रह २०१४ साली निघाला. मी ४५ हजार रुपये भरले आणि ३०० प्रती छापून आल्या. त्या व्यवहारात माझे लेखन ओळीओळीने वाचणारा एकही माणूस नव्हता, हे मला फार उशिरा कळले. मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायची पाने, एकदाच आली, तीही मीच तपासली. प्रकाशन समारंभ झाला, शाल-श्रीफळ झाले, शंभरेक प्रती ओळखीत वाटल्या गेल्या आणि उरलेले गठ्ठे तळमजल्यावरच्या खोलीत पडून राहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले तेव्हा ते सगळे भिजले. पाणी ओसरल्यावर मी एकेक प्रत उन्हात ठेवून पाने सुटी करत बसलो होतो. एका पानावर माझेच वाक्य वाचले: ‘संध्याकाळच्या सोनेरी किरणांत हळदीचे शेत न्हाऊन निघाले होते.’ हळदीवर जगणाऱ्या गावाजवळ आयुष्य काढूनही मी हळदीविषयी एवढेच लिहिले होते, आणि हे मला पाच वर्षांत कुणी सांगितले नव्हते.

त्याच वर्षी एका दिवाळी अंकाला मी पेवावरची कथा पाठवली. हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेली पेवे हरिपुरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझ्या कथेतला हमाल पेवाचे तोंड उघडताच आत उतरत होता. संपादकांनी कथा परत पाठवली आणि समासात पेन्सिलीने लिहिले, ‘तो लगेच उतरतो कसा? कोंडलेल्या हवेचे काय?’ मी हरिपुरात जाऊन एका म्हाताऱ्या हमालाला विचारले. पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात आणि ज्योत विझली तर कुणी उतरत नाही, असे त्यांनी सांगितले. सांगताना त्यांचा हात दोरी सोडल्यासारखा हवेत हलत होता. ती कथा मी तीन वेळा नव्याने लिहिली. तिसऱ्या खेपेला त्या कंदिलाभोवतीच सगळी कथा उभी राहिली आणि ती छापून आली. लेखक म्हणून माझी सुरुवात मी तिथून धरतो.

पैसे देऊन काढलेल्या पुस्तकात नेमका हा टप्पा गळतो, कारण ज्याने पैसे घेतले त्याला नकार देण्याचे काही कारण उरलेले नसते. आपल्याच मातीतली उदाहरणे पाहावीत. वि. स. खांडेकर सांगलीत १८९८ साली जन्मले. शिरोड्याच्या शाळेत ते १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते आणि त्यांची पहिली कादंबरी, ‘हृदयाची हाक’, १९३० साली, म्हणजे त्या नोकरीच्या दहाव्या वर्षी आली. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल नाटकमंडळीत तालीम देत देत नाटककार झाले. नटाच्या तोंडी वाक्य बसते की नाही, हे ते रोज समोर पाहत होते. पोटापाण्याचा उद्योग वेगळा ठेवून आठ-दहा वर्षे नियतकालिकांत लिहावे, कठोर वाचक शोधावा आणि मग पुस्तकाचा विचार करावा, असे मी त्या मुलाला सांगितले. आपणांस काय वाटते?

जतकर

हरिपूरकर सर, आपली कळकळ पोचली, पण आपला सल्ला मला मान्य नाही आणि तो का मान्य नाही हे मी स्वानुभवातून सांगतो.

मी दूध संकलन केंद्रावर काम करतो. चार वर्षांत मी अकरा ठिकाणी कथा पाठवल्या. दोन ठिकाणांहून उत्तर आले आणि त्यातली एक कथा छापली गेली. माझ्या कथेत आई मुलाला म्हणते, ‘येरवाळी ये.’ छापील अंकात ती ‘लवकर घरी ये’ म्हणाली. आमच्या भागात पाणी, वैरण, एसटीची शेवटची गाडी या सगळ्यांचा घोर त्या एका शब्दात असतो. मला न विचारता तो काढला गेला, आणि पुढचे सगळे संवादही तसेच धुऊन काढले होते. आपल्याला भेटलेला संपादक समासात प्रश्न लिहिणारा होता, हे आपले भाग्य. ज्याच्या वाट्याला तसा माणूस येत नाही, त्याने दहा वर्षे कुणाची वाट पाहायची?

म्हणून २०२१ साली मी स्वतः २०० प्रती छापून घेतल्या. प्रकाशन समारंभ केला नाही. जत, कवठेमहांकाळ आणि विट्याच्या महाविद्यालयांत मी पिशवीतून पुस्तके नेली आणि मुलांना कथा वाचून दाखवल्या. दीडशेच्या आसपास प्रती विकल्या गेल्या. दोन प्राध्यापकांनी पुस्तकावर लिहिले आणि त्यातून एका वृत्तपत्राच्या पुरवणीत मला सदर मिळाले. पैसे देऊन मी माझा शब्द वाचवला, असेच मी मानतो.

आपण खांडेकरांचे उदाहरण दिलेत. मी वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचे देतो. ‘फकिरा’ १९५९ साली आली, पण त्याआधी कितीतरी वर्षे, १९४४ पासून लाल बावटा कलापथकातून, अण्णाभाऊ थेट लोकांसमोर उभे होते. मधल्या कुठल्याही दरवाज्यावर त्यांनी परवानगी मागितली नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते संस्थानिकांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव पटवर्धन वारले आणि तो आश्रय संपला, तेव्हा ते गावोगाव फिरले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. स्वतःची कला स्वतः बाजारात नेणे ही आपल्या जिल्ह्याची परंपरा आहे, तिच्यात कमीपणा कसला? राहता राहिले वय. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आले तेव्हा ते २२ वर्षांचे होते. आपल्या गल्लीतल्या त्या मुलाचे वयही तेवढेच आहे.

वाईकर

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि या वादात कुणा एकाची बाजू घेण्यापूर्वी, दोघांनीही न मांडलेली एक गोष्ट सांगते. त्या मुलाच्या हातात करारनामा आहे का? माझ्या एका विद्यार्थिनीने पैसे दिले, पुस्तक आले, आणि दोन वर्षांनी दुसऱ्याने ऑडिओबुक करायचे म्हटले तेव्हा आपण नेमके काय लिहून दिले आहे हे तिला सांगता येईना. पैसे भरल्याची पावती तेवढी तिच्याजवळ होती.

प्रत्येक नवलेखकाने १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याचे १९ वे कलम एकदा तरी वाचावे. हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते हस्तांतर धरले जाते. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे प्रताधिकार टिकतो, म्हणजे आज उत्साहाच्या भरात केलेली सही नातवंडांनाही बांधून ठेवू शकते. कोणत्या आवृत्तीपुरते, किती प्रतींचे, छापील की ई-बुकही, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे, मानधन छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, या गोष्टी करारात शब्दांत असल्याच पाहिजेत. पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला मिळणारा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी यंत्रणा विनामूल्य देते. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर त्या मुलाने तिथूनच माघारी यावे.

आणखी एक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिथे हस्तलिखित तपासले जाते. हरिपूरकरांना हवा असलेला नकार आणि जतकरांना हवे असलेले पुस्तक, या दोहोंची शक्यता त्या एकाच अर्जात आहे. हळदीच्या पट्टीला हात लावण्याआधी तो अर्ज का करू नये?

औदुंबरच्या वाटेवर, पलूस

औदुंबरला दरवर्षी संक्रांतीला कृष्णाकाठी साहित्य संमेलन भरते. १९३९ पासून कवी सुधांशू आणि त्यांच्या मित्रांनी ते आपल्या सदानंद नावाच्या दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ चालवले. मी कॉलेजात असताना कविता पहिल्यांदा वाचली ती अशाच एका ग्रामीण संमेलनात. चौथ्या ओळीला समोरची माणसे चुळबुळू लागली. घरी येऊन मी ती कविता अर्धी केली. मला कुठल्याही संपादकाने इतके नेमके शिकवले नाही. जतकरांचे म्हणणे मला जवळचे वाटते.

मुद्रक, सातारा

आमचा छापखाना वडिलांपासून आहे, म्हणून या चर्चेतला एक घोळ मला स्वच्छ दिसतो. आपण सगळे छपाई आणि प्रकाशन या दोन गोष्टी एकाच नावाने बोलत आहात.

पूर्वी ऑफसेटला प्लेटचा खर्च एकदाच पण मोठा यायचा, त्यामुळे ५०० किंवा १००० प्रतींखाली छापणे परवडत नसे. आता डिजिटल छपाईत ५० प्रतीही निघतात. एका प्रतीचा दर थोडा जास्त पडतो, पण गठ्ठे साठवावे लागत नाहीत. जतकरांनी छपाई विकत घेतली आणि प्रकाशकाचे काम, म्हणजे वाचकापर्यंत पोचवणे, स्वतः केले. हरिपूरकर सरांनी मात्र प्रकाशन विकत घेतले असे समजून पैसे भरले, आणि प्रत्यक्षात त्यांना फक्त छपाई मिळाली. असे गिऱ्हाईक माझ्याकडे दर महिन्याला येते. मी त्यांना बसवून सांगतो की मी फक्त छापून देणार; संपादन, वितरण, ग्रंथालयांत पुस्तक लावणे यांतले मला काहीच जमणार नाही. विक्रेता छापील किमतीवर ४० टक्क्यांपर्यंत सूट मागतो, वर प्रती विकल्या गेल्यावर पैसे देतो, हेही सांगतो. निम्मे लोक उठून जातात. उरलेल्यांकडून एक गोष्ट मी करून घेतोच: पहिली प्रत पुठ्ठा न लावता, नुसत्या सुट्या पानांची देतो आणि घरातल्या कुणाला तरी ती मोठ्याने वाचायला सांगतो. परवा एका शेतकऱ्याने आत्मकथन छापायला दिले होते. बायकोने वाचून दाखवले, तेव्हा स्वतःच्या आईच्या मृत्यूचे प्रकरण त्यांनी काढून घेतले आणि सहा महिन्यांनी दुसरे लिहून आणले. मी दोन्ही वाचली आहेत. दुसऱ्यात आई दिसते.

हरिपूरकर, सांगली

मुद्रक साहेबांनी माझी चूक नेमकी दाखवली. छपाई आणि प्रकाशन यांतला फरक मी नीट मांडला नव्हता. वाईकर ताईंचा सल्ला त्या मुलाला आजच कळवतो.

जतकर, आपण पुस्तक छापले याला माझा विरोध नाही, कारण आपण ते वाचकांसमोर नेऊन मोठ्याने वाचलेत. अण्णाभाऊंचे उदाहरण मात्र मला माझ्याच बाजूचे वाटते. कलापथकासमोर बसलेले हजारो कामगार हेच त्यांचे संपादक होते. पोवाड्याची एखादी ओळ पडली तर ती त्याच रात्री कळत होती. औदुंबरच्या वाटेवरील मित्रांनी चुळबुळीचा जो अनुभव सांगितला तोही हाच. माझा आक्षेप आहे तो असा कोणताही वाचक मध्ये न येता वही थेट पुठ्ठ्यात जाण्याला. माडगूळकरांविषयी बोलायचे तर २२ व्या वर्षी पुस्तक आले हे खरे, पण त्यानंतर १९५५ पासून अनेक वर्षे त्यांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर नोकरी केली. पुस्तक लवकर येणे वेगळे आणि त्यावर आयुष्याची मदार ठेवणे वेगळे. त्या मुलाने नोकरीचे अर्ज भरणे थांबवले आहे, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

‘येरवाळी’ बदलणाऱ्या संपादकाने चूकच केली. विचारल्याशिवाय लेखकाचा शब्द काढण्याचा अधिकार कुणालाही नाही.

जतकर

नोकरीविषयी आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे. मी पहाटे चारला उठून केंद्रावर जातो आणि दुपारी लिहितो. सदराच्या मानधनात महिन्याची वैरणसुद्धा येत नाही. त्या मुलाला हे आपण जरूर सांगावे.

पण आठ-दहा वर्षे थांबण्याविषयी माझे मत बदललेले नाही. आपल्याला सांगलीत नाट्यगृह आहे, नगर वाचनालय आहे, संपादकाला भेटायला पुण्याची गाडी सकाळी निघून रात्री परत येते. आमच्याकडे हातात छापील पुस्तक असल्याशिवाय महाविद्यालयाचे फाटकही उघडत नाही, हे मी अनुभवले आहे. त्या मुलाने ५० हजार देऊ नयेत. साताऱ्याच्या मुद्रकांकडून ५० प्रती काढून घ्याव्यात आणि पिशवी घेऊन बाहेर पडावे. त्याची वही आपण वाचली असेलच. तिच्यात हळदीचे शेत कसे आहे, तेवढे मात्र सांगा.

हरिपूरकर, सांगली

तिच्यात हळदीचे शेत नाही. वडिलांसोबत सौद्याला गेलेला मुलगा आहे. आडत्याच्या दुकानात तो दाराशीच उभा राहतो, कारण चपला कुठे काढायच्या हे त्याला ठरवता येत नाही. ते एक पान फार चांगले आहे. बाकीची वही अजून कच्ची आहे. रविवारी त्याला बोलावले आहे. ते पान आधी मोठ्याने वाचून घेतो.