अनुभव धागा : घरचा कॉम्प्युटर, हातातला मोबाइल आणि आपण नाशिककर

गेल्या महिन्यात सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचा फोन तीन दिवस लागत नव्हता. मुलगी पुण्याहून लावून लावून थकली, शेवटी तिने मला फोन केला. वर जाऊन पाहिलं तर फोन धडधाकट. पडद्यावरची पट्टी ओढताना बोट लागून विमानाचं चिन्ह चालू झालं होतं, म्हणजे नेटवर्कच बंद, एवढंच. काकू म्हणाल्या, "अगं, तुम्ही सगळे आपापल्या कामात. एवढ्याशासाठी कुणाला हाक मारायची?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. फोन-कॉम्प्युटरपायी आपलं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं वेळेवर न विचारल्यामुळे होतं, असं माझं ठाम मत झालं आहे. विचारायची लाज वाटते, किंवा समोरच्याला त्रास नको असं वाटतं. म्हणून हा धागा. काय अडलं, कुणाला विचारलं, कसं सुटलं ते लिहा. स्वतःच्या घरात घडलेलंच लिहा, फॉरवर्ड नकोत. बँकेचं, दुकानाचं नाव घालू नका. स्वतःचा नंबर, आधार तर मुळीच नको.

सुरुवात मी करते. लेकाने एका कंपनीत इंटर्नशिपसाठी अर्ज केला होता. पंधरा दिवस मेलची वाट पाहून तो हिरमुसला. मग तिथल्या बाईंचा फोन आला, की तुमचा मेल आमच्याकडे परत येतोय. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा असते, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून, आणि १ जून २०२१ पासून चढवलेले फोटोही त्यातच मोजले जातात. याने मावसभावाच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ चढवून ठेवले होते. जागा भरली की येणारे मेलसुद्धा बंद होतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले, खात्यातून काढले, तरी जागा सुटेना. कचरापेटीही रिकामी करावी लागते! ती केली आणि मेल सुरू झाले. जागा किती उरली ते महिन्यातून एकदा तरी बघा.

पंचवटीहून, निवृत्त मराठी शिक्षक

वडिलांच्या आठवणी मी २००३ साली टाइप केल्या होत्या, एकशे साठ पानं. एमएस-सीआयटी नुकतंच झालं होतं, त्यामुळे हुरूप होता. वडील झोपाळ्यावर बसून सांगायचे, मी लिहून घ्यायचो. गेल्या दिवाळीत नातीला दाखवायला म्हणून ती फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली, तर मराठीचा मागमूस नाही. इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा नुसता चिखल. फाइल गेली असं मी धरून चाललो आणि चार महिने कुणाशी बोललो नाही. वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटत होतं.

शेवटी शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीजवळ बोललो. ती म्हणाली, "सर, फाइल ठणठणीत आहे." जुन्या फॉन्टमध्ये आपल्याला 'क' दिसायचा, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच असायचं. फॉन्ट त्याला फक्त मराठी अंगरखा घालायचा. नव्या यंत्रात तो फॉन्ट नाही, म्हणून अंगरखा उतरला. युनिकोड या जगभरच्या सामायिक पद्धतीत 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तो जगातल्या कुठल्याही यंत्रावर 'क'च राहतो.

तिने मजकुरावर क्लिक केलं आणि वर्डच्या वरच्या चौकटीतलं फॉन्टचं नाव वाचलं. फॉन्ट यंत्रात नसला तरी नाव तिथे दिसतं, आणि तेच आधी हवं. प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलायला त्याच फॉन्टचं परिवर्तक लागतं. मूळ फाइलला हात न लावता आम्ही प्रतीवर काम केलं.

पहिलं पान मराठीत उमटलं तेव्हा मला वाचवेना. दुरुस्त्या मात्र पुष्कळ निघाल्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे 'स्थिती'चं 'सि्थती' होतं आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. रोज दहा पानं तपासतो आहे. ज्यांच्याकडे जुने अहवाल, स्मरणिका, कवितांच्या फाइली पडून असतील त्यांनी त्या टाकून देऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

कॉलेज रोडहून, डीटीपीचं काम करणारी

सर, 'दुसऱ्या', 'पुऱ्या', 'शेतकऱ्याला' हे शब्दही तपासा. परिवर्तकात ते 'दुसर्या' असे निघतात, आणि 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर अर्थच बदलतो. इनस्क्रिप्ट या मराठी कळपाटावर (कीबोर्डवर) शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची (J) कळ दाबली की नुक्त्याचा 'ऱ' येतो, मग डी दाबून हलन्त, मग य. फाइंड-रिप्लेसमध्ये एकेक शब्द घाला. सगळे एकदम बदलू नका, 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' दोन्ही बरोबर असतात.

निफाड तालुक्यातून, द्राक्ष बागायतदार

माझं लिहिणं जड जातंय, पण ताईंनी विचारलंय तर लिहितो. छाटणीचे दिवस होते. दिवसभर बागेत, रात्री साडेनऊला जेवून फोन हातात घेतला. बागायतदारांच्या ग्रुपवर ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून एक फाइल आली होती, नाव 'आरटीओ चलान', शेवटी एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल. माझी पिकअप पिंपळगावच्या मार्केटला कायम असते, त्यामुळे चलान असेलही असं वाटलं. दाबलं. फोनने अनोळखी ॲपचा इशारा दिला, तरी मी परवानगी दिली. मग त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पुढे काहीच उघडलं नाही. चिन्हसुद्धा दिसेना. झोपलो.

पहाटे सहाला चुलतभावाचा फोन, "दादा, रात्री ग्रुपवर काय पाठवलं?" मी काही पाठवलंच नव्हतं. तीच फाइल माझ्या नंबरवरून सगळ्यांना गेली होती. बँकेचं ॲप उघडलं तर ४८ हजार गेलेले, दोन वेळा मिळून. वडिलांना काय सांगू, या विचारात मी गोठ्यात बसून राहिलो. तो अर्धा तास माझ्या मनाला अजून लागतो.

वहिनीने चेहरा पाहून ओळखलं. तिने आधी माझा फोन विमान मोडवर टाकला. मग तिच्या फोनवरून १९३० लावला. सायबर फसवणुकीचा तो सरकारी नंबर आहे. खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ, सगळं तिने सांगितलं. लगेच बँकेला फोन करून खातं थांबवलं, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाकली. पैसे ज्या खात्यात गेले होते तिथे २६ हजार अजून पडून होते, ते अडकवता आले. ते परत हातात यायला पुढे कित्येक महिने गेले. बाकीचे गेले ते गेलेच.

मेसेजची परवानगी मागतात ती ओटीपी वाचायला. एकदा ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्यांना दिसतो. खरं चलान बघायचं तर परिवहनच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर टाकून आपण स्वतः बघायचं, ते ॲपची फाइल बनून येत नाही. लग्नाची पत्रिका, पीएम किसानची यादी, बँक केवायसी, कुठल्याही नावाने एपीके आलं तर हात लावू नका, सख्ख्या भावाच्या नंबरवरून आलं तरी. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेला कळवल्यानंतर पुढे जे पैसे जातात, त्याचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणून कळवायला एक मिनिट दवडू नका.

धागाकर्ती : दादा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. वहिनींनाही सांगा.

नाशिकरोडहून, सून आणि नोकरदार

आमच्याकडे सासरे खोलीचं दार लावून तीन तास आत होते. चहा गार झाला म्हणून दार वाजवलं, तर दबक्या आवाजात म्हणाले, "बाहेर थांब, चौकशी चालू आहे." व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा. तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ, असं त्याने धमकावलं होतं. मी फोन हातातून घेऊन बंद केला. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची अटक, ही गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. ते रेकॉर्डिंग बाबांना ऐकवलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. घरच्यांना सांगू नका असं कुणी म्हटलं की त्याच क्षणी घरच्यांना सांगायचं, असं आम्ही आता ठरवून टाकलंय.

सातपूरहून, कारखान्यात मेंटेनन्सला

माझा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. चालू व्हायला चहा करून पिऊन होईल एवढा वेळ. दुकानात सांगितलं, जुना झाला, नवा घ्या. मी मशीनवाला माणूस, कारण कळल्याशिवाय भाग बदलत नाही. यंत्राचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बसलो तर प्रोसेसर निवांत, रॅमही पुरेशी, आणि डिस्क सतत १०० टक्के. म्हणजे अडत होती ती फिरती हार्ड डिस्क. अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणली, जुनीची प्रत तिच्यावर उतरवली, मागचे स्क्रू काढून अदलाबदल केली. आधी बॅटरी सोडवली, आणि स्क्रू ज्या जागचे त्या क्रमाने कागदावर ठेवले, कारण दोन स्क्रू बाकीच्यांपेक्षा लांब होते. आता अर्ध्या मिनिटाच्या आत चालू होतो. जुनी डिस्क बाहेरच्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरतो.

अडचण एकच राहिली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची यंत्रं लागतात. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देऊ केले. त्यांच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. मी ते घेतलं, आणि बाजूला विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. मुलीचा अभ्यास, ब्राउझर, मराठी टायपिंग, सगळं त्यात होतं. चालू यंत्र भंगारात घालायला मन घेत नाही.

इंदिरानगरहून, गृहिणी, घरून हिशेबाचं काम

माझी अगदी छोटी गोष्ट. विंडोज आणि व्ही एकत्र दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते, पहिल्यांदा ती चालू करावी लागते. कंट्रोल-सी एकावर दुसरं करून बसलं की पहिलं गेलं, असं मी वर्षानुवर्षं समजत होते. मात्र पासवर्ड कॉपी केलात तर तोही त्या यादीत राहतो, तेवढं काढून टाका.

म्हसरूळहून

श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीत फोन हरवला. घरी खोकं जपून ठेवलं होतं, त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक होता. पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, आणि तक्रारीच्या प्रतीसह संचार साथी या सरकारी साइटवर फोन ब्लॉक. ज्यांच्याकडे खोकं नाही त्यांनी आत्ताच *#०६# दाबून येणारा नंबर वहीत लिहून ठेवा.

देवळालीहून

माझ्याकडे अनुभव नाही, प्रश्न आहे. आई जाऊन सव्वा महिना झाला. तिच्या फोनचा पॅटर्न आम्हा कुणालाच माहीत नाही. ती मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पदार्थ सांगायची, दर दोन-चार दिवसांनी एखादा. मला त्या फोनमधले फोटो नकोत, काही नको, फक्त तिचा आवाज हवा आहे. दुकानदार म्हणतो रीसेट करतो.

धागाकर्ती : ताई, रीसेट अजिबात करू देऊ नका, त्यात सगळं पुसलं जातं. सिम चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका.

सातपूरहून, मेंटेनन्सवाला : ताई, आईंनी जे पाठवलं ते मावशींच्या फोनातही असणार ना? मावशींचा फोन अँड्रॉइड असेल तर केबलने कॉम्प्युटरला जोडा. अँड्रॉइड, मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर, त्यात 'व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट्स'. वर्ष आणि आठवड्याप्रमाणे फोल्डर असतात. फाइल ओपस प्रकारच्या असतात, व्हीएलसी या प्लेअरमध्ये वाजतात. सगळं फोल्डर उचलून दोन ठिकाणी ठेवा. तोवर मावशींना चॅट साफ करू नका म्हणून सांगा.

देवळालीहून : काल येवल्याला जाऊन आले. मावशीने काही म्हणजे काही पुसलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही नोट्स त्यात होत्या, दोघीजणी बसून एकेक ऐकून वेगळ्या केल्या. आईच्या एकेचाळीस निघाल्या. पहिली उडदाच्या घुट्याची आहे. मध्येच कुकरची शिट्टी होते आणि आई म्हणते, "थांब गं, गॅस बारीक करून आले."