ताईला इम्प्लांटसोबत जाळी लावायला सांगितलीय, लावावी का?

नाशिकची_धाकटी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं झालं तर सांभाळून घ्या. माझी मोठी बहीण 44 वर्षांची, उजव्या स्तनात कॅन्सर निघाला, आधी किमो देऊन झाली, आता पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे आणि गाठी दोन ठिकाणी असल्याने पूर्ण स्तन काढावा लागेल असं सर्जन म्हणतात. ताईने स्वतःच विचारलं की त्याच वेळी नवीन करता येईल का, तर प्लास्टिक सर्जन म्हणाले हो, सिलिकॉनचं इम्प्लांट बसवू आणि त्याला आधार म्हणून आत एक जाळी लावू. जाळीचा खर्च वेगळा, आणि तो इम्प्लांटपेक्षाही जास्त सांगितलाय. आमच्या वडिलांना हर्नियाची जाळी बसवलेली आहे, ती आयुष्यभर आत राहते म्हणतात, तर ही पण तशीच का? जाळी नको म्हटलं तर चालतं का? घरात सगळे म्हणतायत जीव वाचला बास झालं, बाकीचं कशाला, पण ताईला ते हवंय आणि मला तिच्या बाजूने उभं राहायचंय. कोणी अनुभव घेतला असेल तर प्लीज सांगा.

कोथरूड_72

धाकटी, आधी ताईला माझा नमस्कार सांग. तिला हवंय ना, मग ते पुरेसं आहे, कोणाला पटवत बसू नका.

माझं 2021 ला झालं, डावी बाजू, वय तेव्हा 49. मला जसं समजावलं तसं सांगते. स्तन काढला की वरची कातडी पातळ उरते आणि खाली छातीचा स्नायू. इम्प्लांट स्नायूखाली ठेवलं तर वरचा भाग झाकला जातो पण खालचा आणि काखेकडचा भाग उघडा राहतो कारण स्नायू तिथपर्यंत पुरतच नाही. तिथे ती जाळी झोळीसारखी बांधतात, एक कड स्नायूला आणि दुसरी कड स्तनाखालच्या घडीला शिवतात. म्हणजे इम्प्लांटचं वजन नुसत्या कातडीवर येत नाही, ते खाली किंवा बाजूला सरकत नाही.

जखमेतलं पाणी बाहेर काढायच्या माझ्या दोन्ही नळ्या मिळून 17 दिवस होत्या, पाणी कमीच होत नव्हतं, नळी काढल्यावर परत साचलं ते सुईने काढावं लागलं दोनदा. नंतर मात्र ठीक. आज आकार चांगला आहे, ब्लाऊज नीट बसतो, मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

पण एक गोष्ट अजून मनाला लागून आहे. मला लावलेली ती जाळी नव्हतीच, डुकराच्या कातडीवर प्रक्रिया करून बनवलेला तुकडा होता, आणि हे मला डिस्चार्जच्या वेळी बिलावरच्या स्टिकरवरून कळलं. आमच्या घरात माळ आहे. आधी सांगितलं असतं तर कदाचित मी हो पण म्हटलं असतं, जिवापुढे काय, पण विचारायला हवं होतं ना. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की कशाची आहे.

ओटीतली_मैत्रीण

मी प्लास्टिक सर्जरीच्या ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये 11 वर्षं नर्स आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या सर्जनशी बोलूनच घ्या. पण 'जाळी' या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू खपतात म्हणून लिहिते.

एक म्हणजे कोथरूड ताईंनी सांगितला तो प्रकार, त्याला एडीएम म्हणतात, पेशी काढून टाकलेली कातडी, माणसाची (मृत्यूनंतर दान केलेली), डुकराची किंवा गाईबैलाची. तिच्यात हळूहळू आपल्या रक्तवाहिन्या शिरतात. दुसरी विरघळणारी कृत्रिम जाळी. त्यातही फरक आहे, व्हिक्रिलची एका महिन्यात ताकद सोडते, पी-फोर-एचबी नावाच्या मटेरियलची दीड ते दोन वर्षांत विरघळते, टायगर नावाची साधारण तीन वर्षांत. विरघळेपर्यंत तिथे आपलं स्वतःचं तंतूंचं अस्तर तयार व्हावं ही अपेक्षा. तिसरी कायमची, पॉलिप्रोपिलिनवर टायटॅनियमचा मुलामा, ही तुमच्या वडिलांच्या हर्नियाच्या जाळीची जवळची नातेवाईक.

आणि चौथी वस्तू जिचं नाव बिलात येत नाही ती म्हणजे पेशंटची स्वतःची कातडी! ताईचे स्तन मोठे आणि ओघळलेले असतील तर खालची जी जास्तीची कातडी कापून टाकायची असते तिचा फक्त वरचा थर खरवडून तोच पदर आत वळवतात आणि इम्प्लांटच्या खाली झोळी करतात. डर्मल स्लिंग म्हणतात. पैसे शून्य, परका पदार्थ नाही. लहान स्तन असतील तर मात्र जमत नाही. हे नक्की विचारा, मी स्वतः कितीतरी बायकांत बघितलंय.

अजून दोन गोष्टी. रेडिएशन लागणार आहे का ते ऑपरेशनआधी विचारा, रेडिएशननंतर इम्प्लांटभोवती कडक आवरण धरण्याचं आणि जखमेचे त्रास होण्याचं प्रमाण वाढतं, अशा वेळी पाठीचा किंवा पोटाचा स्वतःचा भाग वापरणं बरं पडतं. आणि ताई मिश्री लावते का? राग मानू नका, आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून 'तंबाखू नाही' असं लिहून देतात आणि सकाळी मिश्री लावतात. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, कड काळी पडते, आणि खाली जाळी आणि इम्प्लांट असेल तर मग सगळंच काढावं लागू शकतं. लाजू नका, सांगा.

जर्सीतली_अनघड

माझी केस वेगळी, कॅन्सर नव्हता. दोन मुलांनंतर 2016 ला इथे न्यू जर्सीत इम्प्लांट केले, चार वर्षांत ते खाली घसरले, घडीच्या खाली गेले, निपल वर बघायला लागलं, पाठ दुखायची, आरशात बघवायचं नाही. 2022 ला दुरुस्ती केली, इम्प्लांट ज्यात बसतं तो आतला खिसा शिवून लहान केला आणि विरघळणारी जाळी लावली, इथे त्याला इंटर्नल ब्रा म्हणतात. माझं टिकलंय, मी खूष आहे.

पण जाहिरातीत जसं सांगतात तसं ते सिद्ध झालेलं नाही हे मला नंतर वाचून कळलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 ला स्पष्ट सांगितलं की एडीएम स्तनाच्या पुनर्रचनेसाठी मंजूर केलेलं नाही आणि काही ब्रँडमध्ये त्रास जास्त दिसतोय, 2023 ला विरघळणाऱ्या काही जाळ्यांनाही स्तनाच्या ऑपरेशनसाठी मंजुरी नाही असं कळवलं. डॉक्टर वापरू शकतात, बेकायदा नाही, पण पेशंटला हे माहीत असायला पाहिजे. नेदरलँड्सचा 2017 चा एक अभ्यास आहे, त्यात एकाच ऑपरेशनमध्ये इम्प्लांट आणि एडीएम केलेल्या बायकांना, आधी एक्सपांडर (कातडी हळूहळू ताणणारा तात्पुरता फुगा) ठेवून नंतर त्याजागी इम्प्लांट बसवलेल्या बायकांपेक्षा गुंतागुंत जास्त आली, इम्प्लांट काढून टाकायची वेळही जास्त वेळा आली. पुढे त्याच बायकांना समाधान विचारलं तर दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. म्हणजे घाई करून एकाच दिवसात सगळं उरकण्यात फायदाच आहे असं नाही, दोन टप्प्यांचा पर्याय पण विचारा.

कोथरूड_72

मेडिक्लेमचं राहिलं. दिसण्यासाठीचं ऑपरेशन पॉलिसीत बसत नाही पण कॅन्सरनंतरची पुनर्रचना हा त्याला अपवाद आहे, नियमातच आहे. माझ्या टीपीएने (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी कंपनी) आधी 'कॉस्मेटिक' म्हणून नाकारलं होतं, सर्जनकडून पत्र घेऊन परत पाठवल्यावर मंजूर झालं. तुम्ही ते पत्र आधीच घेऊन ठेवा, आणि जाळीचा खर्च त्यात धरतात का हे लेखी विचारा.

नाशिकची_धाकटी

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री ताईला सगळं वाचून दाखवलं, ती रडली आणि मग स्वतः वही घेऊन प्रश्न लिहायला बसली. आज जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले जाळी डुकराच्या कातडीचीच होती, आम्ही विचारलं म्हणून सांगितलं. स्वतःच्या कातडीचं विचारल्यावर त्यांनी परत तपासलं आणि म्हणाले हो हिला जमेल, कातडी भरपूर आहे. रेडिएशनचं मात्र काखेतल्या गाठींचा रिपोर्ट आल्यावरच कळेल, म्हणून आधी एक्सपांडर ठेवायचं आणि इम्प्लांट नंतर, असं ठरतंय. आणि मिश्री... ताई 20 वर्षं लावते, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तिने डॉक्टरांसमोर स्वतःहून सांगितलं. ऑपरेशन तीन आठवडे पुढे चालेल का ते ऑन्कोसर्जनला विचारून सोमवारी सांगणार आहेत, तोपर्यंत डबी माझ्याकडे आहे.