मदत हवी आहे: तेरा सोसायट्या, एक अर्धवट डीपी रस्ता (शहराच्या विकास आराखड्यातला), आणि एकमेकांना छेद देणारी आमचीच निवेदनं. एकत्र कसं यायचं?

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला राहतो. २०१४ ला फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतून द्राक्षबागाच दिसायच्या, आता समोर एकच बाग उरलीय, बाकी सगळ्या बिल्डिंगा. आमच्या पट्ट्यात सात अपार्टमेंट, चार सहकारी सोसायट्या आणि रो हाऊसच्या दोन लाइनी, म्हणजे एकूण तेरा. या सगळ्यांच्या मधून १८ मीटरचा डीपी रस्ता जातो, म्हणजे नकाशावर जातो. प्रत्यक्षात दोन्ही टोकांना डांबर पडलंय आणि मधला साधारण ११० मीटरचा तुकडा अजून शेतच आहे.

डांबर संपतं तिथे वीतभर खोल पायरी झालीय, खाली काळी माती, चार पावलांवर बागेचं तारेचं कुंपण. पावसाळ्यात ती माती चपलेला अशी धरते की पाय निघतो आणि चप्पल तिथेच राहते. मुलांची स्कूल व्हॅन रोज तिथूनच रिव्हर्स घेते आणि मुलं तिच्या मागेच उभी असतात, रोज सकाळी ते बघून पोटात गोळा येतो. मागच्या जुलैत आमच्या मजल्यावरच्या आजी त्या पायरीवरून पडल्या, मनगट मोडलं. अँब्युलन्स बोलावली तर ती आली पलीकडच्या टोकाला, कारण मोबाईलच्या मॅपवर रस्ता सलग दिसतो. ड्रायव्हर तिकडून हात करतोय, आम्ही इकडून, मध्ये बाग. अडीच किलोमीटरचा वळसा घालून ती आली तोपर्यंत आजी खुर्चीवर बसून हात धरून होत्या, तोंडातून एक शब्द नाही.

त्या दिवसानंतर मी ठरवलं की याचा पाठपुरावा करायचाच. माहिती अधिकारात अर्ज टाकला, त्या रस्त्याच्या फाइलमधला सगळा पत्रव्यवहार मागितला, महिन्याभरात कागद हातात आले आणि ते वाचून मी खरंच हादरलो. सहा वर्षांत आमच्या पट्ट्यातून नऊ निवेदनं गेलीत. एकाचं म्हणणं रस्ता ताबडतोब करा. दुसऱ्याचं, रस्ता अजिबात नको, अंबड एमआयडीसीचे ट्रक आमच्या गेटवरून जातील. तिसऱ्याचं, १८ चा ९ मीटर करा म्हणजे आमची कंपाउंड वॉल वाचेल. चौथं, नाल्याच्या कडेने वळवा. आणि एक आमच्याच अपार्टमेंटचं, तेव्हाचा सेक्रेटरी म्हणून खाली माझी सही, की आधी पावसाळी गटार करा, रस्ता मागाहून बघू. फाइलच्या एका पानावर शेरा आहे, "रहिवाशांमध्ये एकमत नाही". तो शेरा खोटा म्हणता येत नाही, आम्हीच तो आमच्या हाताने लिहून दिलाय.

मग मागच्या रविवारी आमच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं. तेरापैकी नऊ जणांची माणसं आली. बी विंगचे काका भूमी अभिलेखमधून रिटायर झालेत, त्यांनी नकाशाची प्रत कॅरम बोर्डवर पसरली, चार कोपऱ्यांवर सोंगट्या ठेवल्या आणि पट्टीने मोजून दाखवलं कोणाचं काय जातंय ते. तोपर्यंत प्रत्येकजण ऐकीव माहितीवर भांडत होता. ज्यांना वाटत होतं आपल्या सोसायटीची बाग जाणार त्यांचं काहीच जात नाहीये, आणि ज्यांना काही जाणार नाही असं वाटत होतं त्यांचा गणपतीचा शेड निम्मा रस्त्यात आहे. अर्धा तास शांत चर्चा झाली, मग मेंटेनन्सचे जुने विषय निघाले, पाण्याचा टँकर कोणाच्या गेटसमोर उभा राहतो ते निघालं, आणि बैठक तशीच उठली.

बागेचे मालक नानाही आले होते. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एवढंच बोलले, "तुमचा रस्ता ११० मीटर आहे, माझे वीस गुंठे आहेत." काकांनी हिशोब केला, १८ गुणिले ११० म्हणजे १९८० चौरस मीटर, साडेएकोणीस गुंठे. त्यांना मोबदला रोख हवाय, टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) नकोय.

आता माझे प्रश्न. तेरा जणांची मिळून एखादी रजिस्टर संस्था काढावी का, आणि काढायची तर कोणत्या कायद्याखाली, कारण अपार्टमेंट, सोसायटी, रो हाऊस सगळं वेगवेगळं आहे? ज्यांना ट्रकची भीती आहे त्यांना सोबत कसं घ्यायचं, कारण त्यांची भीती मला खोटी वाटत नाही? नानांशी बोलणी आपण रहिवाशांनी करावी की करू नये? आणि सिंहस्थाची कामं चालू आहेत तर त्यातच हे बसवून घेता येईल का? कोणी असं करून दाखवलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

सातबारा यांचा प्रतिसाद:

दादा, तुमचे काका सोन्यासारखे आहेत, त्यांना सोडू नका. मी नगररचनेच्या कामाशी संबंधित होतो, म्हणून दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली म्हणजे तारीख. आपल्या शहराचा आत्ताचा विकास आराखडा २०१७ ला लागू झालाय. महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम १९६६ चं कलम १२७ बघा. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर ते आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे जागा मोकळी. दहा वर्षं २०२७ ला भरतात, आणि तुमचा रस्ता त्याच्या आधीच्या आराखड्यातही असेल तर मुदत आधीच भरलेली असू शकते, ते तपासून घ्या. नानांनी नोटीस दिली तर त्यात त्यांचं काही चुकणार नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण तुम्ही आपसात भांडत बसलात तर रस्ता नकाशावरूनही जाईल.

दुसरी, ९ मीटरवाल्यांसाठी. निवेदन देऊन रस्ता अरुंद होत नसतो. आराखड्यात फेरबदल म्हणजे कलम ३७, त्याला जाहीर सूचना, महिन्याभराच्या हरकती, मग शासनाची मंजुरी. आणि त्यांना हेही सांगा की राज्यात २०२० पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे तिच्यात किती एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. आज ९ मीटर मागितला तर उद्या रिडेव्हलपमेंटच्या वेळी तुमचीच मुलं विचारतील की हे कोणी मागितलं होतं.

तिसरी, बोलणी. मोबदल्याचा आकडा तुम्ही बोलूच नका, तो तुमचा अधिकार नाही आणि त्यात गैरसमज होतात. पण नानांना कलम १२६ नीट समजावून सांगायला हरकत नाही. जागा देण्याचे तीन मार्ग आहेत, करारानं खरेदी, टीडीआर किंवा एफएसआय, नाहीतर भूसंपादन. दाट वस्तीच्या बाहेर टीडीआर जमिनीच्या दुप्पट मिळतो. भूसंपादन २०१३ च्या कायद्याने झालं तर बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. त्यांना रोखच हवं असेल तर तुमच्या एकत्र मागणीत तेच लिहा, की भूसंपादनासाठी तरतूद करा. "रस्ता करा" एवढंच लिहिलं तर कागद बांधकामाकडे जातो, बांधकामवाले म्हणतात जागा ताब्यात नाही, आणि तिथे विषय संपतो.

इंदिरानगरवासी:

आमच्या इथे आम्ही अकरा जण एकत्र आलो होतो एका नाल्याच्या विषयावर, म्हणून संस्थेबद्दल अनुभवाने सांगते. आम्ही आधी संस्था रजिस्टर करायच्या मागे लागलो आणि त्यात आठ महिने गेले, घटना काय, अध्यक्ष कोण, अपार्टमेंटचा की सोसायटीचा. शेवटी त्यावरूनच दोघं नाराज होऊन बाहेर पडले.

सहकारी फेडरेशन करायचं तर १९६० च्या कायद्याप्रमाणे किमान पाच नोंदणीकृत सोसायट्या सभासद लागतात. तुमच्याकडे चारच आहेत, अपार्टमेंट १९७० च्या कायद्यातले, ते त्यात बसत नाहीत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जणांची संस्था होऊ शकते, सोबत धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंद, दरवर्षी हिशोब. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर उपयोग होतो. पण मागणी द्यायला रजिस्ट्रेशन लागतच नाही भाऊ. तेरा ठिकाणी एकच मजकुराचा ठराव करा, शब्द न् शब्द सारखा, प्रत्येकाच्या लेटरहेडवर, ज्यांचं लेटरहेड नाही त्या रो हाऊसवाल्यांनी घर नंबर घालून सह्या करा, आणि तेरा ठराव एकाच कव्हरिंग पत्राला जोडून एकाच आवक नंबरावर द्या. सगळ्यात महत्त्वाचं, त्यात एक ओळ घाला की आमची याआधीची सगळी वेगवेगळी निवेदनं आम्ही मागे घेत आहोत, आणि प्रत्येक जुन्या निवेदनाची तारीख लिहा. तो शेरा त्याच ओळीने पुसला जाईल.

बैठकीत मेंटेनन्स, टँकर निघतंच, आमच्याकडेही निघायचं. आम्ही वहीच्या मागच्या पानावर "दुसरे विषय" लिहून ठेवायचो, लिहिलं गेलं की माणूस शांत होतो.

गोदाकाठ:

ट्रकवाल्यांची भीती खरी आहे, मी त्या बाजूला राहिलोय, रात्री दोनला हॉर्न वाजतात. त्यांना "काही होणार नाही" म्हणू नका. ठरावातच दुसरी मागणी घाला, रस्ता सुरू होईल त्या दिवसापासून जड वाहनांना बंदी, फूटपाथ आणि शाळेच्या वेळेत स्कूल व्हॅनला थांबायला जागा. बंदीची अधिसूचना पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडून निघते, म्हणजे पत्र महापालिका आणि पोलीस दोन्हीकडे द्यावं लागेल. त्यांची अट सगळ्यांनी आपली म्हणून मांडली तर ते येतील.

सिंहस्थाबद्दल म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे की त्यात पडू नका. त्या कामांचा जोर मोठे रस्ते, घाट, साधुग्राम यांच्यावर असतो, आतल्या ११० मीटरला तिथे कोण बघणार. त्यापेक्षा महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडलं जातं, त्यात भूसंपादनाखाली तुमचा रस्ता नावानिशी यायला हवा असेल तर ठराव दिवाळीच्या आतबाहेर पोचलाच पाहिजे. आणखी एक, प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात, कायद्यातच आहे, १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर आलेलं. संस्था काढायचीच असेल तर पुढे त्यासाठी काढा.

कोथरूडहून:

माहेर नाशिकचं म्हणून वाचत होते. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात, आमच्या गल्लीतलं एक फूटपाथचं काम तसंच झालं. तिथे मी शिकले ते एवढंच की मागणीसोबत मोजमाप आणि फोटो हवेत. ११० मीटर, १८ मीटर, गट नंबर, पायरीचा फोटो पट्टी लावून, व्हॅन रिव्हर्स घेतानाचा फोटो. तुमच्या पोस्टमध्ये हे सगळं आहे, पण नऊ निवेदनांपैकी एकात तरी होतं का?

मूळ लेखक:

एकातही नव्हतं ताई. आमच्या निवेदनात तर गट नंबरही चुकलेला आहे, आत्ता काढून बघितला.

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री बायकोला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. कलम १२७ चं मला खरंच माहीत नव्हतं. आज सकाळी काकांना घेऊन नानांकडे गेलो, आकड्याचा विषय काढलाच नाही, फक्त तीन मार्ग सांगितले. ते म्हणाले की भूसंपादनाची मागणी तुम्ही लिहिणार असाल तर बाजूने माझीही सही घ्या, पण छाटणी जवळ आलीय, कोणीही मधून बागेत शिरून मोजू नका, मोजणी सरकारी येऊ द्या. हे मी पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडून ऐकलं की ते रस्त्याच्या विरोधात नाहीत. सहा वर्षांत आमच्यापैकी कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

ट्रकची अट ठरावात दोन नंबरला घेतोय, त्या सोसायटीच्या चेअरमनना तोच परिच्छेद लिहायला सांगितलाय, त्यांचे शब्द त्यांनाच माहीत. गणपतीच्या शेडवाल्यांशी बोलणं अवघड जाणार आहे, मंडळ जुनं आहे आणि पोरं मेहनती आहेत. ओपन स्पेसच्या कोपऱ्यात शेड हलवायला बाकी बारा जणांनी वर्गणी काढावी असं मी सुचवणार आहे. ओपन स्पेसवर असा शेड नियमात बसतो का हे कोणाला माहीत असेल तर रविवारच्या आत सांगा, नाहीतर आम्ही एक चूक दुरुस्त करायला दुसरी करून बसू.

बैठक रविवारी दहाला, याच पार्किंगमध्ये. न आलेल्या चार जणांकडे शनिवारी संध्याकाळी मी आणि काका घरी जाणार आहोत. नकाशा लॅमिनेट करायला टाकलाय.