‘सर्व्हर पुश’ आणि ‘पर्सिस्टंट कनेक्शन’: मराठीत काय लिहावं?

प्रश्न: वेब ॲप्लिकेशनवर मराठीत टिपण लिहितोय. ब्राउझरने दरवेळी न विचारता सर्व्हरने माहिती धाडत राहायचं आणि त्यासाठी जोडणी धरून ठेवायची, हा विषय. ‘ढकल’ आणि ‘कायम जोडणी’ चालेल का?

प्रतिसाद: ‘ढकल’ नको, वरच्या वर्गात ढकललेलं पोर आठवतं! शिवाय एचटीटीपी/२ (ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांची एक आवृत्ती) मधलं ‘सर्व्हर पुश’ निराळंच. पान मागितलं की त्याची स्टाइलशीट वगैरे आधीच पाठवून देणं. क्रोमने ते २०२२ मध्ये बंद केलं. तुमच्या अर्थासाठी ‘थेट पाठवणी’ कसं वाटतं?

प्रतिसाद: पाठवणी म्हटलं की रडारड आली. पण माझी खरी हरकत ‘कायम’ला. एचटीटीपी/१.१ मध्ये ‘पर्सिस्टंट कनेक्शन’ म्हणजे तीच टीसीपी जोडणी पुढच्या विनंत्यांना पुन्हा वापरणं. तिथे प्रत्येक उत्तर पुरं होतं. सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये, म्हणजे तुम्ही म्हणता तशा पाठवणीसाठी ब्राउझरमध्ये असलेल्या सोयीत, उत्तर संपतच नाही, सर्व्हर त्यातच ओळी सोडत राहतो. म्हणून मी ‘उघडं उत्तर’ म्हणेन. आणि कायम तर ते नसतंच. मध्ये एनजिनएक्स (ब्राउझर आणि ॲपच्या सर्व्हरमधला मध्यस्थ सर्व्हर) असेल आणि मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काही आलं नाही, तर मूळ सेटिंगप्रमाणे तो जोडणी तोडतो. तुटली की ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो आणि शेवटच्या घटनेची खूण ‘लास्ट-इव्हेंट-आयडी’ हेडरमध्ये (विनंतीच्या सुरुवातीच्या एका ओळीत) कळवतो. मधल्या घटना मात्र सर्व्हरने साठवल्या असतील तरच मिळतात.

प्रश्नकर्ता: जोडणी तुटू नये म्हणून अधूनमधून अपूर्णविरामाने सुरू होणारी रिकामी ओळ पाठवतात, ती ‘हृदयस्पंदन’?

प्रतिसाद: ‘धुगधुगी’ म्हणा. माहिती काही नाही, जीव आहे एवढंच कळतं.

प्रतिसाद: धुगधुगी मरणाऱ्याची असते हो. ‘हार्टबीट’ सगळ्यांना कळतं, राहू द्या. लाँग पोलिंगला मात्र ‘ताटकळती विचारणा’ चपखल बसेल: सर्व्हर विनंती धरून ठेवतो, काही आलं की उत्तर देतो, ब्राउझर लगेच पुढची विनंती करतो. वेबसॉकेट या यादीत नको. तिथे सर्व्हरकडून १०१ चं (‘बोलण्याचे नियम बदलतोय’ अशा संकेतांकाचं) उत्तर आलं की एचटीटीपी बाजूला होतं आणि दोन्हीकडून बोलणं सुरू होतं, त्याला नुसती ‘पाठवणी’ कसं म्हणणार?

प्रतिसाद: ‘उघडं उत्तर’ला माझं मत. एचटीटीपी/१.१ वर ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण ६ जोडण्याच उघडतो. तेच ॲप सहा टॅबमध्ये चालू असेल तर सातवा टॅब नुसता फिरत का बसतो, हे त्या शब्दाने लगेच सांगता येतं: सहाही उत्तरं अजून उघडी आहेत.