पोटावरची पिशवी आणि नंतरचं आयुष्य : तुमचे अनुभव लिहा

पानगळ
कपाट आवरताना बाबांचं स्टोमा मोजायचं कार्ड सापडलं. स्टोमा म्हणजे ऑपरेशन करून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, मल तिथून बॅगेत येतो. गोल भोकांचं, एका भोकाभोवती पेनाची खूण. कॅन्सरमुळे गुदद्वारच काढावं लागलं, म्हणजे बॅग कायमची. सुरुवातीला आई बॅग बदलायची आणि बाबा छताकडे बघत पडून राहायचे. मग आई तापानं झोपली आणि त्यांनी स्वतःच कात्री हातात घेतली. तिथून माणूस बदलला. पुढे आम्हालाच दम द्यायचे, "बॅगेच्या चिकट बेसचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं काप, जास्त झालं तर कातडी सोलवटते." ज्यांनी भोगलंय, बघितलंय त्यांनी लिहा. लाजू नका.

मी_तीच
माझी स्वतःची आहे. पहिल्यांदा स्टोमा पुसताना रक्त दिसलं आणि मी किंचाळलेच. नर्स म्हणाली, तोंडाच्या आतल्यासारखंच आहे ते, घासलं की थोडं येणारच. हात लावला तरी दुखत नाही. ऑपरेशनआधी कोणी सांगितलं असतं तर!

उंटावरचा_शहाणा
आवाजांवर कोणीच लिहिणार नाही का? भर मीटिंगमध्ये पोट बोलतं आणि आवळून धरायची सोयच नाही. वासासाठी बॅगेला कोळशाचा फिल्टर असतो, आवाजाला काय लावणार? मी म्हणतो, "यांचाही याला पाठिंबा आहे."

मी_तीच
मेले हसून

दुपारचा_चहा
नवऱ्याची आहे. बॅगेपेक्षा त्याच्या गप्प बसण्याचा त्रास जास्त. जवळ यायचंच बंद. मी बॅगेला ठिपक्यांचं कापडी कव्हर शिवलं. म्हणाला, "उशीचा अभ्रा उरला होता वाटतं!" किती दिवसांनी हसला. बाकीचं इथे नाही लिहीत.

कोपऱ्यातला
सगळं गोड नाही हो. तात्पुरती म्हणून केली होती, आता आतडं परत जोडता येईलच असं नाही म्हणतात. शेजारी हर्निया, बेस चिकटत नाही, रात्री-अपरात्री चादरी धुवा. 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांना एक रात्र झोपवावं माझ्या जागी.

पानगळ
चिडा हो, इथे नाही तर कुठे. हर्नियासाठी लवचीक बेस मिळतो, आधाराचा पट्टाही. स्टोमा नर्सला पोट उभ्यानं आणि बसून, दोन्ही दाखवा. झोपून सगळ्यांचंच सपाट दिसतं.

जुना_गडी
इरिगेशन कोणी करतं का? स्टोमा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातला असेल तर जमतं. ठरल्या वेळी स्टोमातून कोमट पाणी आत सोडायचं, तासभर बाथरूम आपलं. (घरचे दार वाजवतात ते वेगळं.) मग पुढच्या वेळेपर्यंत बहुतेक काही येत नाही, छोटी टोपी लावून मोकळा. मी पोहायला लागलोय. डॉक्टरांना विचारूनच करा, हर्निया असेल तर नकोच.

कोपऱ्यातला
म्हणजे मी बाद. पोहून घ्या माझ्या वाटचं.

रिकामी_ओळ
वापरून फेकायच्या चिकट बॅगेची कल्पना १९५४ ची, डेन्मार्कच्या एलिसे सोरेन्सन या नर्सची. बहिणीला स्टोमा झाला, गळतीच्या भीतीनं ती घराबाहेर पडेना. म्हणून हिला चिकटणारी पिशवी सुचली. कुकर झाला, येते.

सासूबाईंची_सून
@दुपारचा_चहा त्या कव्हरचं माप द्याल का? सासूबाईंना प्लॅस्टिकनं घामोळं येतं.

दुपारचा_चहा
बॅग कागदावर ठेवून आखा, कडेनं बोटभर जास्त. खालचं तोंड शिवू नका, रिकामी कशी करणार! कापड सुतीच घ्या.

उंटावरचा_शहाणा
मला चौकडीचं हवं. ऑर्डर घेता का?